मुलाखतीत घरच्या स्क्रिप्ट्स दाखवाव्यात का?

अर्धविराम (धागाकर्ती)

नोकरी बदलायची ठरवलं आहे आणि रेझ्युमे नव्यानं लिहायला घेतलाय. बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम करते. अडचण अशी की ऑफिसात जे मन लावून केलं ते दाखवता येत नाही. कोड कंपनीचा, आकडे गोपनीय, ग्राहकाचं नाव घ्यायचं नाही. मग उरतात ती ठरावीक वाक्यं: अमुक सेवा बांधली, तमुक क्वेरी वेगवान केली. वाचणाऱ्याला त्यातून माझ्याबद्दल काहीच कळत नाही.

घरी लिहिलेल्या स्क्रिप्ट्स, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, मात्र पूर्णपणे माझ्या आहेत. एक स्क्रिप्ट फोटोंमधली तारीख वाचून त्यांची नावं बदलते आणि महिन्यांप्रमाणे फोल्डरांत लावते. दुसरी बँकेच्या स्टेटमेंटमधल्या नोंदींची वर्गवारी करते. तिसरी माझी सगळ्यात लाडकी: मराठी मजकुरातून यमक जुळणारे शब्द शोधते. तिच्यावर मी जितका विचार केलाय तितका ऑफिसच्या कुठल्याच कामावर केलेला नाही.

माझं मत असं की, कुणी न सांगता माणूस काय लिहितो आणि ते किती दिवस सांभाळतो, यावरून तो प्रोग्रॅमर म्हणून कसा आहे ते कळतं. पण ओळखीतले म्हणतात की यमकांची स्क्रिप्ट रेझ्युमेवर टाकलीस तर लोक हसतील. तुमचा अनुभव सांगा. मुलाखत देणाऱ्यांनी तर सांगाच, पण घेणाऱ्यांनीही सांगा.

जुना टर्मिनल

जरूर लिहा.

कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं साधन आज फोनांत, टीव्हींत, गाड्यांत, सर्व्हरांत, सगळीकडे आहे. त्याचा उगम बघा. १९९६ च्या सुमारास डॅनियल स्टेनबर्ग यांना चॅट चॅनेलवरच्या आपल्या बॉटसाठी चलनांचे दर वेबवरून आणायचे होते. त्यासाठी त्यांनी एक छोटं तयार साधन घेतलं आणि त्यात भर घालत गेले. १९९८ मध्ये त्याला कर्ल हे नाव मिळालं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचंही तसंच. गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत फावल्या वेळचा उद्योग म्हणून ती हाती घेतली आणि १९९१ मध्ये लोकांसमोर ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल (हीच पुढे लिनक्स) पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा तिला छंदच म्हटलं होतं.

चलनांचे दर चालतात तर यमकं का चालू नयेत?

पॅच

+१. यमकांची स्क्रिप्ट बघायला आवडेल, लिंक द्या.

कंसातली

मी इथे विरोधात लिहिणार आहे, आणि मनापासून लिहिणार आहे.

टर्मिनलदादा, कर्ल, पायथॉन, लिनक्स ही नावं अशा प्रत्येक चर्चेत येतात. ती माणसं मोठी आहेत यात वाद नाही. पण त्यांच्याकडे फावला वेळ होता. माझ्या घरी आजारी माणूस आहे. काम संपलं की औषधं, डॉक्टर, रात्रीची जागरणं. गेल्या काही वर्षांत मी ऑफिसबाहेर एक ओळही लिहिलेली नाही, आणि तरी मी माझ्या टीममधला सगळ्यात अवघड भाग सांभाळते. मुलाखतीत "फावल्या वेळात काय बनवता?" असं विचारतात तेव्हा त्या प्रश्नाचा खरा अर्थ "तुमच्याकडे फावला वेळ आहे का?" असा होतो. लहान मुलं असलेल्यांना, दोन नोकऱ्या करणाऱ्यांना, तब्येतीनं थकलेल्यांना तिथेच गुण कमी पडतात.

अर्धविराम, तुम्ही तुमच्या स्क्रिप्ट्स जरूर दाखवा, माझं म्हणणं तुमच्याविरुद्ध नाही. पण "कुणी न सांगता काय लिहितो यावरून कळतं" हे वाक्य मला टोचलं. कुणी सांगितलेलं काम माणूस कसं करतो, यावरूनही तितकंच कळतं.

अर्धविराम

कंसातली, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या वाक्यात "यावरूनही" हवं होतं. एका अक्षराचा फरक, पण मोठा आहे.

चौथा स्तंभ

बरीच वर्षं मुलाखती घेतो आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून लिहितो.

रेझ्युमेवर लिंक असली तरी बहुतेक जण ती उघडत नाहीत. एकामागून एक मुलाखती असतात, मध्ये स्वतःचं काम असतं, रेझ्युमे हातात पडतो तो आयत्या वेळी. त्यामुळे "कोड बोलेल" या भरवशावर राहू नका. मी स्वतः उघडतो, आणि उघडल्यावर काय बघतो ते सांगतो.

पहिली गोष्ट रीडमी, म्हणजे कोडसोबतची माहितीची फाइल. हे कशासाठी आहे, कसं चालवायचं, आणि कुठे चालत नाही. तिसरा भाग लिहिणारे फार थोडे, आणि तो वाचला की माझं मत पटकन चांगलं होतं. दुसरी गोष्ट कमिटचा, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या बदलांचा, इतिहास. सगळा कोड एकाच दिवशी ओतलेला असेल तर मला त्यातून काही दिसत नाही. अधूनमधून केलेल्या छोट्या दुरुस्त्या, "कॅमेऱ्यानं तारीख लिहिलेली नसेल तर फाइलची तारीख वापर" अशी एखादी कमिट, यातून कळतं की ही गोष्ट खरोखर वापरात आहे. शिकवणीत सांगितलेलं कामांच्या यादीचं ॲप किंवा हवामानाचं ॲप पुष्कळांकडे असतं. त्यापेक्षा स्टेटमेंटची वर्गवारी करणारी स्क्रिप्ट कितीतरी बोलकी, कारण खऱ्या जगातला डेटा घाणेरडा असतो आणि तिथे हात घातल्याशिवाय ते कळत नाही.

कंसातलींचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझ्या टीममध्ये आम्ही "फावल्या वेळात काय करता" हा प्रश्न काढून टाकला आहे. त्याऐवजी विचारतो, "अलीकडचा असा एखादा बग सांगा ज्यानं तुम्हाला छळलं." ज्याला घरची स्क्रिप्ट सांगायची तो ती सांगतो, ज्याला ऑफिसचं सांगायचं तो तपशील झाकून ते सांगतो. दोघांनाही सारखी जागा मिळते.

शून्यापासून

अजून कॉलेजात आहे, त्यामुळे प्रश्न आहे. सगळे सीनियर सांगतात की स्क्रिप्ट-बिक्रिप्ट सोड, ट्री आणि ग्राफ या डेटा मांडायच्या रचनांची गणितं घोक. २०१५ मध्ये होमब्रूच्या (मॅकवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या) निर्मात्यानं लिहिलं होतं ना की गूगलनं त्याला नाकारलं, कारण मुलाखतीत फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही? तिथले बहुतेक इंजिनियर त्याचंच सॉफ्टवेअर वापरतात असंही त्यानं म्हटलं होतं. मग स्क्रिप्टनं फायदा काय?

जुना टर्मिनल

त्या ट्वीटवर तेव्हा खूप रण माजलं होतं. मला वाटतं दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर होत्या. ट्री उलटा करणं म्हणजे प्रत्येक गाठीच्या डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल, आणि तेच खाली दोन्हीकडे पुन्हा. रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं) कळत असेल तर चार-पाच ओळी. पण हजारो लोकांच्या मशीनवर पॅकेजं नीट बसतील असं साधन उभं करणं हे वेगळंच कौशल्य आहे, आणि फळ्यावरच्या पाऊण तासात ते दिसणारच नाही.

तू दोन्ही कर. घोकू मात्र नकोस. हॅश टेबलात, म्हणजे किल्लीवरून थेट जागा काढणाऱ्या रचनेत, शोध सरासरी स्थिर वेळात का लागतो आणि कधी लागत नाही, हे एकदा नीट समजलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

निळी शाई

फळ्यावर अडकणं आणि येत नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याला पुरावा आहे. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना फळ्यासमोर, कुणीतरी बघत असताना, मोठ्यानं विचार बोलत सोडवायला सांगितलं. बाकीच्यांना तोच प्रश्न बंद खोलीत एकट्यानं. बघणारा असला की कामगिरी निम्म्याहूनही खाली गेली.

शून्यापासून, म्हणून सराव करायचा तर कुणालातरी समोर बसवून कर. मित्र, बहीण, कुणीही. प्रश्न सोपा घे, पण बोलत सोडव. सरावात तोच भाग सगळ्यांकडून राहून जातो.

पॅच

आणि अवघड प्रश्नापेक्षा सोपा प्रश्न खोलात विचारणारा मुलाखतकार मला जास्त आवडतो. मला एकदा बायनरी सर्च (क्रमानं लावलेल्या यादीत दरवेळी निम्मा भाग वगळत शोधणं) विचारला. लिहिला. मग त्यांनी विचारलं, "मधला अनुक्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज केलीत, ॲरे (ती यादी) प्रचंड असेल तर?" बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होते! नेमका हाच बग जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीत कित्येक वर्षं होता, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी त्यावर लिहिलं. उपाय साधा: खालच्या टोकात फरकाचा अर्धा भाग मिळवायचा. त्या गप्पांत मला जितकं शिकायला मिळालं तितकं पूर्ण कोर्समध्ये मिळालं नव्हतं.

शून्यापासून

पायथॉनमध्ये असं होईल का?

पॅच

नाही, पायथॉनचे पूर्णांक लागतील तसे मोठे होतात. पण नम्पाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतले ठरावीक रुंदीचे असतात, तिथे जपून.

मध्यरात्रीचा क्रॉन

विषय थोडा वळवतो. अर्धविराम, तुम्ही यमकांचं बोललात आणि माझे कान टवकारले, कारण मीही मराठी मजकुरावर स्क्रिप्ट्स लिहितो. देवनागरी मजकूर हा मुलाखतीत सांगण्याजोगा उत्तम विषय आहे, आणि लोक त्याला किरकोळ समजतात.

"क्षि" घ्या. वाचणाऱ्याला एक अक्षर. पायथॉनला लांबी विचारा, तो ४ सांगेल: क, हलन्त, ष, वेलांटी. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तेच १२ बाइट. आता यमकासाठी शब्द उलटा करून शेवट जुळवायला जावं, तर मात्रा व्यंजनाच्या आधी येऊन बसते आणि सगळा चिखल होतो. आधी अक्षरांचे गट पाडायचे, मग शेवटाकडून तुलना करायची.

पुढचा खड्डा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेचा. पायथॉनच्या मूळ लायब्ररीत "शब्दातलं चिन्ह" म्हणून जी खूण आहे, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू, ती काना-मात्रा-वेलांट्यांना शब्दाचा भाग मानत नाही. "हिमालय" शोधायला जा, तुकडे हातात येतात. इंग्रजी मजकुरावर उत्तम चालणारी स्क्रिप्ट मराठीवर अशी मोडते, आणि कुठलाही एरर येत नाही. नुसती चुकीची उत्तरं.

अर्धविराम

अगदी! मी देवनागरीचा पट्टाच हातानं दिलाय, युनिकोड या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातला यू+०९०० ते यू+०९७एफ. आणि अक्षरांचे गट पाडायला बाहेरची लायब्ररी वापरली, पण ती जोडाक्षरं तोडत होती. "क्षि"चे दोन तुकडे.

मध्यरात्रीचा क्रॉन

ते आवृत्तीवर आहे. युनिकोडच्या गट पाडण्याच्या नियमांत जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम १५.१ या आवृत्तीत आला, म्हणजे २०२३ मध्ये. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधनं हलन्तानंतर तोडतात. तुमची लायब्ररी कुठल्या आवृत्तीवर आहे ते बघा, नाहीतर स्वतःचा नियम लिहा: व्यंजन, हलन्त, पुन्हा व्यंजन, असं जोवर चाललंय तोवर तोडायचं नाही.

आणि "दुसऱ्या" तपासलात का? हा रफारासारखा र लोक दोन प्रकारे टाइप करतात. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननंही (समान रूपं एक करायच्या नियमांनीही) ते एक होत नाहीत. शोधाआधी एकाचं दुसऱ्यात रूपांतर आपणच करायचं.

अर्धविराम

म्हणजे "बिचाऱ्या" आणि "दुसऱ्या" काही मजकुरांत जुळत होते आणि काहींत नाही, त्याचं कारण हे! कितीतरी दिवस हे कोडं डोक्यात होतं. आज रात्री बसतेच.

चौथा स्तंभ

वर जे दोघे बोललात ना, तेच मला मुलाखतीत ऐकायचं असतं. मला यमकांत रस नसेल, पण "एरर न देता चुकीचं उत्तर कसं येत होतं आणि ते कसं पकडलं" यात मला अतोनात रस आहे. रेझ्युमेवर ओळ लिहिताना "यमक शोधणारी स्क्रिप्ट" एवढंच लिहू नका. "देवनागरी मजकुराचं अक्षरांत विभाजन, दोन पद्धतींनी टाइप केलेल्या शब्दांचं एकसूत्रीकरण" असं लिहा. कुणी हसणार नाही.

निळी शाई

एक व्यावहारिक सूचना, कृपया कुणी गंमतीवारी नेऊ नका. घरची स्क्रिप्ट पूर्णपणे आपली आहे हे गृहीत धरू नका. सध्याच्या नोकरीचा करार काढून वाचा. काही करारांत नोकरीत असताना लिहिलेला सगळा कोड, किंवा कंपनीच्या धंद्याशी संबंधित असलेला कोड, कंपनीचा मानला जातो. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसची वेळ, ऑफिसचं खातं, या तीन गोष्टी घरच्या कामाला लावूच नयेत. शंका असेल तर लेखी परवानगी मागावी, ती मिळते पुष्कळदा.

आणि सार्वजनिक करण्याआधी रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, इतिहास तपासा. पासवर्ड असलेली फाइल नंतर काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. आधी तो पासवर्ड किंवा ती गुप्त किल्ली रद्द करून नवी घ्यायची, इतिहास साफ करणं त्यानंतर. अर्धविराम, बँकेच्या स्टेटमेंटची स्क्रिप्ट आहे म्हणून मुद्दाम सांगते. चाचणीसाठी खऱ्या नोंदी ठेवल्या असतील तर त्या ठिकाणी बनावट नोंदी करा.

आणि लायसन्स टाका. लायसन्सच नसेल तर कोड उघडा असूनही इतरांना तो वापरायचा हक्क मिळत नाही.

शून्यापासून

आता एआयची साधनं अशी स्क्रिप्ट क्षणात लिहून देतात. मग मुलाखत घेणाऱ्याला कसं कळणार की ती मीच लिहिली?

चौथा स्तंभ

ती कुणी टाइप केली याची मला फारशी फिकीर नाही. मी समोर बसून एक अट बदलतो. "हे फोटो दोन वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये काढलेत, आता क्रम कसा लावाल?" जो त्या कोडसोबत राहिलाय तो लगेच सांगतो की फोटोतल्या तारखेत अनेकदा टाइम झोन नसतोच, मग जीपीएसची नोंद बघावी लागेल, तीही नसेल तर वापरणाऱ्यालाच विचारावं लागेल. ज्यानं नुसतं आयतं घेतलंय तो तिथे थांबतो. साधन वापर, मोकळेपणानं सांगही, पण प्रत्येक ओळ तिथे का आहे हे तुला माहीत असू दे.

मध्यरात्रीचा क्रॉन

माझ्या नावाला जागून एक भर. कुठलीही स्क्रिप्ट हातानं चालते आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालत नाही, हा अनुभव प्रत्येकाला येतो. कारण क्रॉन आपल्या शेलच्या (कमांड टाइप करतो त्या खिडकीच्या) सेटिंग्ज वाचत नाही, त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या जागांची यादी, अगदी तोकडा असतो. प्रोग्रॅम आणि फाइलींचे पूर्ण पत्ते लिहा, आउटपुट लॉगमध्ये वळवा, आणि आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून लॉक लावा. ऑन-कॉलवर रात्री फोन येतो तेव्हा मूळ कारण पुष्कळदा यातलंच एखादं असतं. घरी हे शिकलात की ऑफिसात झोप वाचते, आणि घरच्या स्क्रिप्ट्सचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो. नोकरी मिळणं न मिळणं नंतरचं.

जुना टर्मिनल

क्रॉनभाऊ, शंभर टक्के सहमत. पण मला एक भीती आहे, ती बोलून टाकतो. छंद रेझ्युमेवर चढला की तो छंद राहतो का? माझ्या ओळखीतल्या एकानं पूर्वी मजेत रेडिओ सिग्नल उकलायच्या स्क्रिप्ट्स लिहिल्या. मग कुणीतरी सांगितलं की रोज कमिट दिसली पाहिजे. झालं, रोज काहीतरी ढकलायचं म्हणून ढकलू लागला, आणि शेवटी ते सगळं बंदच केलं. म्हणून अर्धविराम, तीनपैकी एखादी अशी ठेवा जी कुणालाही दाखवायची नाही.

अर्धविराम

हे पटलं. ठरलंय असं: यमकांची स्क्रिप्ट रेझ्युमेवर, चौथा स्तंभ यांनी सुचवलेल्या शब्दांत. स्टेटमेंटची अजिबात नाही, निळी शाई यांच्यामुळे. फोटोंची माझ्यासाठीच. करार काढून वाचला, त्यात फक्त कंपनीच्या धंद्याशी निगडित कोडचा उल्लेख आहे, तरीही लेखी विचारलं आणि हो आलं.

दरम्यान दोन मुलाखती झाल्या. एकीत स्क्रिप्टचा कुणी विषयही काढला नाही, सगळा वेळ डेटाबेसच्या इंडेक्सवर गेला. दुसरीत मात्र "दुसऱ्या"च्या दोन रूपांवर बराच वेळ गप्पा झाल्या आणि त्यांनी विचारलं की लाखो शब्द असतील तर शोध कसा वेगवान कराल. मी म्हटलं, शब्दांची अक्षरं उलट्या क्रमानं ट्राय या झाडासारख्या रचनेत भरेन, म्हणजे शेवट सारखा असलेले शब्द एकाच फांदीवर येतील. निकाल अजून यायचाय.

पॅच

उलटा ट्राय, सुरेख. लिंक कधी?

कंसातली

अर्धविराम, शुभेच्छा. मलाही पुढच्या आठवड्यात एक मुलाखत आहे, आणि दाखवायला काही नाही. चौथा स्तंभ, तुम्ही म्हणालात तसं ऑफिसचं तपशील झाकून सांगायचं, ते नेमकं कसं? कराराचा भंग न होता किती सांगता येतं?

चौथा स्तंभ

धंदा झाका, यंत्रणा सांगा. ग्राहक कोण, उत्पादन काय, किती पैसे, किती वापरकर्ते, हे काहीही नको. "एका रांगेतून संदेश येत होते, तोच संदेश कधीकधी दोनदा येई, आणि त्यामुळे एक नोंद दोनदा पडत होती" हे कुठल्याही कंपनीत घडू शकतं, त्यात गुपित काही नाही. मग क्रमानं: आधी काय दिसलं, तुम्हाला पहिला संशय कशावर आला, तो खोटा कसा ठरला, लॉगमध्ये काय सापडलं, दुरुस्ती कुठली निवडली आणि कुठली सोडून दिली. शेवटचा भाग नक्की सांगा. सोडून दिलेल्या पर्यायाचं कारण ज्याला सांगता येतं त्यानं काम स्वतः केलेलं असतं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आकडा हवाच असेल तर प्रमाण सांगा, जसं "वेळ निम्म्यावर आला". कुणी फार खोदून विचारलं तर "एवढंच सांगता येईल" म्हणा. आमच्याकडे असं म्हणणाऱ्याबद्दल मत चांगलंच होतं, कारण उद्या आमचीही गुपितं त्याच्याकडे असणार. हवं तर इथे तुमचा बग लिहा, मी मुलाखतकार होऊन प्रश्न विचारतो.

कंसातली

चालेल. उद्या दुपारी लिहिते, निळी शाई तुम्हीही या.